'रिअल एल' : पिंपात जिवंत राहणारी बिअर जगवणं एवढं अवघड का असतं?

इंग्लंडच्या दक्षिणेला लुईस नावाचं एक छोटं, टेकडीवरचं गाव आहे. डिसेंबर २००६ मध्ये तिथल्या 'लुईस आर्म्स' या जुन्या पबमध्ये नेहमीचे लोक अचानक यायचे बंद झाले. दार उघडं होतं, आत शेकोटी पेटलेली होती, पण गावकरी बाहेर थंडीत उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला 'आत जाऊ नका' असं सांगत होते.

कारण एकच. पबची मालकी असलेल्या 'ग्रीन किंग' या मोठ्या कंपनीने तिथे मिळणारी 'हार्वीज बेस्ट' ही बिअर बंद केली होती. हार्वीजची ब्रुअरी त्याच गावात, पबपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आपल्या गावात बनणारी बिअर आपल्याच गावच्या पबमध्ये मिळू नये, हे लोकांना पटलं नाही. हा बहिष्कार १३३ दिवस चालला. एप्रिल २००७ मध्ये कंपनीने माघार घेतली आणि हार्वीज परत आली.

एका बिअरसाठी एवढा हट्ट कशासाठी? दुकानात बाटल्या नव्हत्या का? त्याचं उत्तर या बिअरच्या स्वभावात आहे. ती 'रिअल एल' आहे, आणि रिअल एल पबमध्ये मिळाली नाही तर ती जवळजवळ कुठेच मिळत नाही.

रिअल एल म्हणजे नेमकं काय?

कोणतीही बिअर चार गोष्टींपासून बनते : पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. बार्ली भिजवून, मोड आणून, वाळवून किंवा भाजून घेतली की तिचा माल्ट होतो. तो गरम पाण्यात घातला की गोड काढा तयार होतो. हॉप्स या वेलीची फुलं त्यात उकळली की कडवटपणा आणि सुगंध येतो. मग यीस्ट त्यातली साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं.

यात दोन मोठी घराणी आहेत. थंड तापमानात, सावकाश आंबवली जाते ती 'लागर'. भारतात मिळणाऱ्या बहुतेक बाटलीबंद बिअर या प्रकारातल्या. त्यापेक्षा उबदार तापमानात, वेगळ्या जातीच्या यीस्टने आंबवली जाते ती 'एल'.

मग 'रिअल' कशामुळे? बहुतेक कारखान्यांत बिअर तयार झाली की गाळून यीस्ट काढून टाकतात, गरम करून पाश्चराइज करतात आणि वरून गॅस भरतात. अशी बिअर महिनोन् महिने टिकते आणि जगात कुठेही पाठवता येते. रिअल एलमध्ये हे काहीच करत नाहीत. ती जिवंत यीस्टसह पिंपात भरली जाते. या पिंपाला 'कास्क' म्हणतात. कास्कमध्ये बिअर दुसऱ्यांदा, हळूहळू आंबते. तिच्यातला हलका फेस हा तिथेच तयार झालेल्या गॅसचा असतो. ज्या पिंपात ती मुरते, त्याच पिंपातून ती ग्लासात येते.

समजायला सोपं उदाहरण नीरेचं. पहाटे उतरवलेली नीरा गोड असते, दुपारपर्यंत तिची ताडी व्हायला लागते. ती थांबत नाही, कारण ती जिवंत आहे. रिअल एलचा वेग नीरेपेक्षा खूप कमी असतो, पण स्वभाव तोच.

पबच्या तळघरात काय घडतं?

ब्रुअरीतून निघाली तेव्हा रिअल एल पूर्ण झालेली नसते. तिचा शेवटचा टप्पा पबच्या तळघरात पार पडतो. म्हणूनच जाणकार ग्राहक ब्रुअरीइतकंच पबलाही महत्त्व देतात.

सगळ्यात प्रचलित कास्क ९ गॅलनचा, म्हणजे सुमारे ४१ लिटरचा असतो. तो आला की आडवा ठेवून स्थिर होऊ देतात. वरच्या भोकात आधी मऊ लाकडाची खुंटी बसवतात, तिच्यातून जादा गॅस निघून जातो. बिअर शांत झाली की कडक लाकडाची खुंटी बसवतात, म्हणजे उरलेला गॅस आत राहतो. यीस्ट तळाशी बसावं म्हणून बिअरमध्ये निवळक मिसळलेलं असतं. परंपरेने ते माशांच्या शरीरातल्या हवेच्या पिशवीपासून बनवतात. त्यामुळे सगळी रिअल एल शाकाहारी नसते. अलीकडे काही छोट्या ब्रुअरीज निवळक टाळतात आणि किंचित गढूळ बिअर तशीच देतात.

तळघराचं तापमान साधारण ११ ते १३ अंश सेल्सिअस ठेवावं लागतं. 'इंग्रज कोमट बिअर पितात' ही थट्टा इथूनच आली. ती कोमट नसते, पण फ्रीजमधल्यासारखी गारही नसते. खूप गार केली तर माल्टची आणि हॉप्सची चव दबून जाते.

बारवरचा लांब दांडा ओढला की बिअर हातपंपाने वर येते. पण जेवढी बिअर बाहेर येते तेवढी हवा आत जाते. तिथून घड्याळ सुरू होतं. उघडलेला कास्क साधारण तीन दिवसांत संपायला हवा, नाहीतर बिअर आधी मिळमिळीत आणि मग आंबट होते. म्हणजे पबला रोज पुरेसं गिऱ्हाईक हवं आणि तळघर सांभाळणारा माणूस अनुभवी हवा. यातलं एक जरी नसलं तरी उत्तम बिअरची माती होते, आणि नाव ब्रुअरीचं खराब होतं.

ही बिअर नाहीशी का होऊ लागली होती?

एवढी कटकट असेल तर व्यापारी सोपा मार्ग शोधणारच. तो मार्ग म्हणजे 'केग'. गाळलेली, पाश्चराइज केलेली बिअर बंद डब्यात भरायची आणि गॅसच्या दाबाने ग्लासात सोडायची. ती लवकर खराब होत नाही, तळघरात कौशल्य लागत नाही आणि सगळीकडे चव सारखी मिळते. 'वॉटनीज रेड बॅरल' हे अशा बिअरचं सर्वांत गाजलेलं, आणि पुढे सर्वांत बदनाम झालेलं नाव.

१९६०च्या दशकात विलीनीकरणाची लाट आली. अलाइड, बास चॅरिंग्टन, करेज, स्कॉटिश अँड न्यूकॅसल, वॉटनी मान आणि व्हिटब्रेड या सहा कंपन्यांच्या हाती ब्रिटनचा बहुतांश बिअर व्यवसाय आला. त्यांनी छोट्या ब्रुअरीज विकत घेतल्या. त्यातल्या अनेकांना टाळं लावलं आणि त्यांच्या पबमध्ये आपली केग बिअर सुरू केली. त्यांना खरं तर ब्रुअरी नको होती, तिच्यासोबत येणारे पब हवे होते.

चार मित्रांनी काय केलं?

१९७१ मध्ये मायकेल हार्डमन, ग्रॅहम लीस, जिम मेकिन आणि बिल मेलर हे चार इंग्रज तरुण आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, केरी परगण्यात सहलीला गेले होते. तिथल्या डनक्विन गावातल्या पबमध्ये बसून त्यांनी घरच्या बिअरच्या अवस्थेवर एक संघटना काढायचं ठरवलं. तीच पुढे 'कॅम्पेन फॉर रिअल एल', म्हणजे 'कॅमरा' या नावाने ओळखली जाऊ लागली. 'रिअल एल' या शब्दाची व्याख्याही तिनेच रूढ केली.

कॅमरा ही बिअर बनवणारी कंपनी नव्हती. ती ग्राहकांची संघटना होती आणि आहे. १९७३ मध्ये स्टॅफर्डशायरमधल्या स्टोन गावातली 'जूल्स' ब्रुअरी बंद होणार म्हटल्यावर तिने मोर्चा काढला. ब्रुअरी वाचली नाही, पण चळवळीकडे देशाचं लक्ष गेलं. १९७४ मध्ये चांगली बिअर देणाऱ्या पबची मार्गदर्शिका छापून आली. तिच्यात वॉटनीजच्या बिअरपासून दूर राहण्याचा सल्ला इतका जहाल होता, की प्रकाशकांच्या धास्तीमुळे तो थोडा सौम्य करावा लागला. आज कॅमराची सदस्यसंख्या दीड लाखाच्या घरात आहे.

पण नुसती चांगली बिअर बनवून भागतं का?

भागत नाही. छोट्या ब्रुअरीपुढे दोन भिंती असतात : पबचं दार आणि कर.

ब्रिटनमध्ये 'टाय' नावाची जुनी पद्धत आहे. पब ज्या कंपनीच्या मालकीचा, तिचीच किंवा ती सांगेल तीच बिअर तिथे विकायची. लुईसमध्ये जे झालं त्याच्या मुळाशी हीच व्यवस्था होती. १९८९ मध्ये सरकारने 'बिअर ऑर्डर्स' आणल्या. ज्या ब्रुअरीकडे २,००० पेक्षा जास्त पब आहेत, तिने त्या मर्यादेच्या वरच्या निम्म्या पबना या बंधनातून मोकळं करायचं आणि चालकांना बाहेरची एक कास्क बिअर ठेवू द्यायची, असा तो नियम होता.

उद्देश चांगला होता, परिणाम भलताच झाला. मोठ्या कंपन्यांनी हजारो पब विकून टाकले. ते घेतले स्वतः बिअर न बनवणाऱ्या, फक्त पबच्या मालमत्तेवर चालणाऱ्या कंपन्यांनी. नियम ब्रुअरीजसाठी होता, त्यामुळे या कंपन्या त्यात अडकल्याच नाहीत. टाय राहिला, फक्त मालक बदलले.

दुसरी भिंत कराची. मोठा कारखाना एक लिटर बिअर कमी खर्चात बनवतो. दोघांना सारखाच कर लावला तर छोटा आपोआप मागे पडतो. २००२ मध्ये अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी टप्प्याटप्प्याचा कर आणला. वर्षाला ५,००० हेक्टोलिटर, म्हणजे ५ लाख लिटरपर्यंत उत्पादन करणाऱ्या ब्रुअरीला निम्मा कर माफ झाला. त्यानंतर गॅरेजमध्ये, रेल्वेच्या कमानीखाली, जुन्या गोठ्यांत ब्रुअरीज सुरू झाल्या. पुढच्या दीड दशकात ब्रिटनमधल्या ब्रुअरीजची संख्या काही शेकड्यांवरून दीड हजारांच्या पुढे गेली. ऑगस्ट २०२३ पासून कर अल्कोहोलच्या प्रमाणावर लागतो. त्यातही छोट्या उत्पादकांना आणि पबमध्ये पिंपातून विकल्या जाणाऱ्या बिअरला सवलत आहे.

रसिकांच्या यादीत कोणत्या बिअर असतात?

प्रत्येकाची यादी वेगळी, पण काही नावं वारंवार येतात.

टिमथी टेलर्स लँडलॉर्ड : यॉर्कशायरमधल्या किथली गावची पेल एल. १८५८ मध्ये सुरू झालेली ही ब्रुअरी आजही स्वतंत्र आहे. ब्रिटनच्या सर्वोत्तम कास्क बिअरचा कॅमराचा किताब लँडलॉर्डने चार वेळा मिळवला आहे.

हार्वीज ससेक्स बेस्ट : लुईसच्या बहिष्काराला कारण ठरलेली बिअर. हा 'बिटर' प्रकार आहे : तांबूस रंग, बिस्किटासारखा माल्ट आणि शेवटी कोरडा कडवटपणा. अल्कोहोल सुमारे ४ टक्के. आरामात गप्पा मारत पिण्याची बिअर, अशी तिची ओळख.

थीक्स्टन ओल्ड पेक्युलिअर : यॉर्कशायरच्याच मॅशम गावची गडद, किंचित गोडसर, सुकामेव्याची आठवण करून देणारी एल.

सारा ह्यूज डार्क रुबी माइल्ड : बर्मिंगहॅमजवळच्या सेजली गावात 'बीकन हॉटेल' या पबच्या मागे असलेल्या छोट्या ब्रुअरीतली. माइल्ड प्रकार साधारणपणे सौम्य असतो, ही मात्र ६ टक्क्यांची.

थॉर्नब्रिज जयपूर : डर्बीशायरमधली, ५.९ टक्क्यांची, अमेरिकी हॉप्समुळे लिंबूवर्गीय फळांचा वास असलेली इंडिया पेल एल. २००५ मध्ये आलेल्या या बिअरने ब्रिटनमधल्या तरुण ब्रुअर्सच्या पिढीवर मोठा प्रभाव टाकला.

'जयपूर', 'इंडिया पेल एल'... भारताचा संबंध काय?

अठराव्या शतकाच्या शेवटी भारतातले इंग्रज अधिकारी आणि व्यापारी मायदेशाहून बिअर मागवत. लंडनमधला जॉर्ज हॉजसन याची ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं लागायची त्या गोदीजवळ होती, आणि तो जहाजाच्या कप्तानांना लांब मुदतीची उधारी देत असे. त्याची फिक्या रंगाची, भरपूर हॉप्स घातलेली बिअर मुंबई आणि कलकत्त्याला यायची. हलणाऱ्या जहाजात, उष्ण समुद्रावरून महिनोन् महिने प्रवास करताना ती पिंपातच मुरायची. ही बिअर खास भारतासाठी शोधून काढली, ही गोष्ट लोकप्रिय असली तरी खरी नाही. अशी बिअर इंग्लंडमध्ये आधीपासून होती. ती या प्रवासात टिकली आणि सुधारली, म्हणून तिला भारताचं नाव चिकटलं.

१८२०च्या दशकात बर्टन-अपॉन-ट्रेंट गावातल्या ऑलसॉप आणि बास या ब्रुअरीजनी हा व्यापार काबीज केला. बर्टनच्या पाण्यात जिप्समचं प्रमाण जास्त आहे, त्यामुळे हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ उतरतो. तिथेच 'बर्टन युनियन' ही पद्धत रुजली. एका रांगेत जोडलेल्या लाकडी पिंपांतून यीस्टचा फेस वाकड्या नळ्यांनी वरच्या पन्हळीत चढतो आणि बिअर खाली परत येते.

या पद्धतीने बिअर बनवणारी शेवटची मोठी ब्रुअरी मार्स्टन्स. तिच्या बिअर व्यवसायाचा बहुतांश हिस्सा २०२० मध्ये कार्ल्सबर्गकडे गेला आणि २०२४ च्या सुरुवातीला युनियन पिंपं बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. त्यातला एक संच थॉर्नब्रिज ब्रुअरीला मिळाला. एकोणिसाव्या शतकातलं तंत्र एका बलाढ्य कंपनीला परवडलं नाही, ते २००५ मध्ये सुरू झालेल्या छोट्या ब्रुअरीने उचललं. त्यात त्यांनी आंबवली ती 'जयपूर'.

मग क्राफ्ट बिअर आणि रिअल एल एकच का?

नाही. रिअल एल हे बिअर कशी मुरते आणि कशी वाढली जाते याचं वर्णन आहे. 'क्राफ्ट बिअर' हा अमेरिकेतून आलेला, सैल शब्द आहे. तिथे १९७६ मध्ये जॅक मॅकऑलिफ यांनी कॅलिफोर्नियात 'न्यू अल्बियन' ही छोटी ब्रुअरी सुरू केली. १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यामुळे घरी बिअर बनवण्यावरची केंद्रीय बंदी उठली. त्या घरगुती प्रयोगांतून पुढचे अनेक ब्रुअर्स तयार झाले.

आजच्या अनेक छोट्या ब्रुअरीज आपली बिअर केगमध्ये भरतात, पण ती न गाळता, पाश्चराइज न करता. चवीला उत्तम, पण कॅमराच्या व्याख्येत बसत नाही. २०१८ मध्ये कॅमराने आपलं कार्यक्षेत्र सगळ्या दर्जेदार बिअरपर्यंत वाढवावं, असा ठराव सदस्यांपुढे आला. त्याला ७५ टक्के मतं हवी होती, ती थोडक्यात हुकली.

ग्राहकाचा खरा गोंधळ मात्र मालकीबाबत होतो. लंडनची 'कॅमडेन टाउन' ब्रुअरी २०१५ मध्ये एबी इनबेव्हने घेतली. 'लंडन प्राइड'साठी प्रसिद्ध असलेल्या फुलर्सने आपला बिअर व्यवसाय २०१९ मध्ये जपानच्या असाहीला विकला. बाटलीवरचं नाव तेच राहतं, निर्णय दुसरीकडे होतात.

महाराष्ट्र आणि गोव्यात काय चित्र आहे?

नाशिकजवळच्या देवळालीत ब्रिटिश सैन्याचा मोठा तळ होता. मायदेशी परतणारे शिपाई तिथे महिनोन् महिने जहाजाची वाट बघत, कंटाळून वेड्यासारखे वागू लागत. त्यावरून 'डूलाली टॅप' हा वाक्प्रचार इंग्रजीत गेला. त्यातला 'टॅप' म्हणजे आपला 'ताप'. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या मायक्रोब्रुअरीने हेच नाव घेतलं : 'डूलाली'. महाराष्ट्रातल्या क्राफ्ट बिअरची सुरुवात साधारण तिथून मानली जाते. पुढे पुण्यात 'इंडिपेंडन्स' आणि 'ग्रेट स्टेट एल वर्क्स', मुंबईत 'गेटवे' अशी नावं आली. गोव्यात 'सुसेगाडो' आणि 'गोवा ब्रुइंग कंपनी' आहेत.

या बिअर सहसा कास्कमधून नव्हे, तर ब्रुअरीच्या टाकीतून किंवा केगमधून दिल्या जातात. त्यामुळे त्यांना काटेकोर अर्थाने रिअल एल म्हणता येत नाही. पण मायक्रोब्रुअरीतली न गाळलेली, ताजी बिअरही फार काळ थांबत नाही. माल पडून राहण्याची भीती तीच.

ती भीती २०२० मध्ये खरी झाली. मार्चमध्ये ब्रिटनचे पब आणि भारतातली हॉटेलं एकाच आठवड्यात बंद झाली. बाटलीबंद बिअर गोदामात थांबू शकत होती, ही बिअर थांबू शकत नव्हती. ब्रिटनमध्ये तळघरातले कास्क आणि पुण्यात मायक्रोब्रुअरीजच्या टाक्या अक्षरशः गटारात रिकाम्या कराव्या लागल्या. त्यानंतर महाराष्ट्र सरकारने मायक्रोब्रुअरीजना 'ग्राउलर' नावाच्या मोठ्या बाटलीत ताजी बिअर भरून घरी न्यायला देण्याची मुभा दिली.

पुढचा धोका कुठे आहे?

ब्रिटनमध्ये विजेचे आणि कच्च्या मालाचे दर वाढले, पब बंद होत आहेत. मॅशममधल्याच 'ब्लॅक शीप' या नावाजलेल्या ब्रुअरीवर २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत जाऊन विकली जाण्याची वेळ आली. इथे एक दुष्टचक्र आहे. गिऱ्हाईक घटलं की कास्क तीन दिवसांत संपत नाही. संपला नाही की बिअर उतरते. उतरलेली बिअर प्यायलेला माणूस पुढच्या वेळी लागर मागवतो. मग पबचालक हातपंपच काढून टाकतो.

म्हणून रिअल एल वाचवण्याचा प्रश्न केवळ पाककृतीचा नाही. पाककृती वहीत लिहून ठेवता येते. जवळची ब्रुअरी, मोकळं दार असलेला पब, तळघर जाणणारा माणूस आणि रोज येणारं गिऱ्हाईक ही साखळी वहीत ठेवता येत नाही. ती तुटली की बिअर तुटते. लुईसचे लोक थंडीत उभे राहून ही साखळी धरून होते. त्यांना ती धरता आली, कारण ब्रुअरी, पब आणि ते स्वतः, तिघंही एकाच गावात होते.

*(मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे. महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी किमान वय २१ वर्षं आहे.)*